लुइझियाना, लिंकन, कोरेमात्सु : अमेरिकी अध्यक्षांनी स्वतःचीच घटनातत्त्वं मोडली तेव्हा

कोयनाकाठ

थॉमस जेफरसनने १८०३ साली फ्रान्सकडून लुइझियाना विकत घेतला. दीड कोटी डॉलर, सुमारे सव्वाआठ लाख चौरस मैल, आणि एका करारात देशाचा विस्तार जवळजवळ दुप्पट. अमेरिकेत हा अभिमानाचा धडा म्हणून शिकवतात. पण हा व्यवहार करण्याचा अधिकार घटनेने आपल्याला दिलेला नाही, असं खुद्द जेफरसनचं मत होतं आणि ते त्याने लिहून ठेवलं आहे. मला त्याविषयी बोलायचं आहे.

आधी त्याची जुनी भूमिका बघा. १७९१ मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टनने राष्ट्रीय बँकेची योजना आणली तेव्हा जेफरसन परराष्ट्रमंत्री होता. अध्यक्ष वॉशिंग्टनने त्याचं मत मागवलं. त्याने कळवलं की बँक काढण्याचा अधिकार घटनेत कुठेही लिहिलेला नाही, आणि काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, अधिकारांभोवती आखलेल्या रेषेच्या बाहेर एक पाऊल जरी टाकलं, तरी त्यापुढे सत्तेला सीमा उरणार नाही. १७९८ मध्ये अध्यक्ष अ‍ॅडम्सच्या कारकिर्दीत राजद्रोहाचा कायदा आला. सरकारवर टीका केली म्हणून व्हरमाँटचा प्रतिनिधी मॅथ्यू लायन चार महिने तुरुंगात गेला आणि तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून आला. या कायद्याविरुद्ध केंटकीच्या विधिमंडळासाठी जेफरसनने आपलं नाव पुढे येऊ न देता ठराव लिहून दिले. सत्तेच्या बाबतीत माणसावर भरवसा टाकण्याच्या गोष्टी नकोत, त्याला घटनेच्या साखळदंडांनी बांधून ठेवा, असं त्यात आहे.

असा माणूस अध्यक्ष झाला. मिसिसिपी नदीवरून येणारा सगळा माल न्यू ऑर्लिन्स बंदरातून जायचा, म्हणून ते बंदर मिळवायला त्याने मन्रोला दूत म्हणून पॅरिसला पाठवलं. अमेरिकेचा वकील लिव्हिंगस्टन तिथे आधीपासूनच होता. आजच्या हैतीमध्ये गुलामांचा उठाव आणि पिवळा ताप यांनी नेपोलियनची फौज संपवली होती, अमेरिका खंडातल्या साम्राज्याचं त्याचं स्वप्न विरलं होतं, आणि इंग्लंडशी युद्धासाठी पैसा हवा होता. त्याने बंदराऐवजी अख्खा प्रांतच विकायला काढला. करारावर ३० एप्रिल १८०३ ही तारीख पडली. सहा महिन्यांत मंजुरी द्यायची होती.

परक्याचा प्रदेश विकत घेऊन तिथल्या लोकांना संघराज्यात सामावून घेण्याबद्दल घटना गप्प होती. जेफरसनने त्या उन्हाळ्यात घटनादुरुस्तीचे मसुदे तयार केले. १२ ऑगस्टला सेनेटर ब्रेकिनरिजला त्याने सरळ लिहिलं की हे कृत्य घटनेपलीकडचं आहे. पालकाने अज्ञान मुलाच्या पैशातून शेजारची मोक्याची जमीन घ्यावी आणि तो सज्ञान झाल्यावर म्हणावं, ‘तुझ्या भल्यासाठी केलं, नको असेल तर नाकार, मी माझं बघून घेईन’, तसं काँग्रेसने करावं आणि नंतर जनतेपुढे जाऊन संमती मागावी, असं त्याचं म्हणणं होतं.

मग आठवड्याच्या आतच पॅरिसहून पत्र आलं की फ्रान्सचं मन बदलू शकतं. जेफरसनने लगेच ब्रेकिनरिजला दुसरं पत्र धाडलं : घटनेच्या अडचणीबद्दल बोलू नका, जे करायचं ते गाजावाजा न करता करा. ७ सप्टेंबरला सेनेटर निकोलसला लिहिलेल्या पत्रात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत. लिखित घटना हेच आपलं खरं संरक्षण आहे, अर्थ लावत लावत तिचा कोरा कागद करू नका, असं तो लिहितो. आणि त्याच पत्राच्या शेवटी म्हणतो की मित्रांना वेगळं वाटत असेल तर मी मुकाट्याने मान्य करीन. २० ऑक्टोबरला सेनेटने २४ विरुद्ध ७ मतांनी करार मंजूर केला. दुरुस्ती कधीच मांडली गेली नाही.

माझं मत असं आहे. जेफरसनने लुइझियाना घेतला याचा मी त्याला फारसा दोष देत नाही. दोष आहे तो नंतरच्या मौनाचा. दुरुस्ती आणली असती, तर ‘अध्यक्षाला हा अधिकार नव्हता, जनतेने तो दिला’ अशी नोंद राहिली असती. मौनामुळे ‘अधिकार होताच’ अशी नोंद राहिली, आणि पुढच्या प्रत्येकाला ती वारशात मिळाली. इतर अध्यक्षांना ही फूटपट्टी लावली तर काय दिसतं, यावर लिहा. सध्याच्या राजकारणाची हाणामारी इथे नको.

---

पाऊलवाट

चांगला धागा, पण मला जेफरसनची बाजू घ्यायची आहे. करार करण्याचा अधिकार घटनेने अध्यक्षाला आणि सेनेटला दिला आहे. प्रदेश घेण्याचा करार हाही करारच. अर्थमंत्री गॅलटिनने जेफरसनला हेच सांगितलं होतं. १८२८ मध्ये फ्लोरिडासंबंधीच्या खटल्यात सरन्यायाधीश मार्शलनेही म्हटलं की युद्धाने किंवा तहाने प्रदेश मिळवण्याचा अधिकार संघराज्याला आहे. म्हणजे कृती घटनेत बसत होती, चुकला होता तो जेफरसनचा अर्थ. घटनादुरुस्ती आणली असती, तर राज्याराज्यांत मंजुरी मिळेपर्यंत नेपोलियनने विक्री मोडली असती. मग न्यू ऑर्लिन्ससाठी युद्ध झालं असतं आणि हजारो माणसं मेली असती. तत्त्व शाबूत ठेवण्याची ही किंमत कोणी मोजायची?

---

कोयनाकाठ

पाऊलवाट, मार्शलचा निकाल मान्य. पण मार्शल हा जेफरसनचा उभ्या जन्माचा विरोधक, आणि अर्थ विस्तारत नेण्याच्या ज्या पद्धतीला जेफरसनने आयुष्यभर विरोध केला, तिच्याच आधाराने त्याचं कृत्य वैध ठरतं. शिवाय दुरुस्ती नंतरही आणता आली असती. करार आधी, संमती मागाहून, असाच त्याचा स्वतःचा बेत होता. नेपोलियनचा धोका डिसेंबर १८०३ मध्ये ताबा मिळाल्यावर संपला. त्यानंतर जेफरसन आणखी पाच वर्षं अध्यक्ष होता.

त्या पाच वर्षांत काय झालं तेही बघा. ‘शासितांच्या संमतीतूनच सरकारला सत्ता मिळते’ हे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणाऱ्याने लुइझियानातल्या लोकांना विचारलंच नाही. काँग्रेसने तिथली सगळी लष्करी, मुलकी आणि न्यायिक सत्ता अध्यक्ष नेमील त्या माणसांच्या हाती दिली. जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सने सेनेटमध्ये नेमक्या याच मुद्द्यावर विरोध केला. १८०४ च्या कायद्यानेही त्यांना निवडून दिलेलं विधिमंडळ मिळालं नाही, आणि न्यू ऑर्लिन्सच्या रहिवाशांनी काँग्रेसकडे लेखी तक्रार पाठवली. मूळ रहिवासी जमातींना तर या सगळ्यात कुणी मोजलंच नव्हतं, आणि त्या जमिनीचा बहुतेक भाग त्यांचाच होता.

मग १८०७ ची व्यापारबंदी. इंग्लंड-फ्रान्सला धडा शिकवायला अमेरिकी जहाजांनी परदेशी जायचंच नाही, असा कायदा. तो मोडला जायला लागला तसे अंमलबजावणीचे कायदे कडक होत गेले, आणि निव्वळ संशयावरून माल आणि जहाजं अडकवण्याचे अधिकार बंदरावरच्या जकात अधिकाऱ्यांना मिळाले. विनावॉरंट झडतीविरुद्धची चौथी दुरुस्ती ज्यांच्या आग्रहामुळे आली, त्यांच्याच पक्षाचं हे सरकार. १८०८ मध्ये चार्ल्सटनच्या एका खटल्यात न्यायमूर्ती विल्यम जॉन्सनने अध्यक्षांची सूचना कायद्याबाहेर आहे म्हणून झुगारली. जॉन्सनला नेमलं होतं जेफरसननेच.

---

रानजाई

दोघांचेही प्रतिसाद वाचले. माझी अडचण मुळातच आहे. ‘घटनातत्त्व’ म्हणताना आपण घटनेत तेव्हा प्रत्यक्ष काय लिहिलं होतं ते विसरतो. प्रतिनिधी मोजताना गुलामांना तीन पंचमांश धरायचं कलम त्यात होतं. पळालेला गुलाम मालकाला परत करायचं कलमही होतं. तिथे अध्यक्षाने घटना पाळली हाच अन्याय होता.

पण गंमत अशी नाही की ते निदान घटना तरी पाळत होते. आपल्या सोयीला ती आड आली तेव्हा त्यांनी तीही सोडली. जॉर्ज वॉशिंग्टनचं उदाहरण घ्या. राजधानी फिलाडेल्फियात होती आणि पेन्सिल्व्हेनियाच्या कायद्याने, बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने तिथे राहिला की मुक्त व्हायचा. वॉशिंग्टन आपल्या घरच्या गुलामांना मुदत भरायच्या आत राज्याबाहेर नेऊन आणायचा. खुद्द त्यांना आणि लोकांनाही कारण कळू नये अशा बहाण्याने हे करा, असं त्याने १७९१ मध्ये आपल्या सचिवाला पत्रात लिहिलं. १७९३ मध्ये पळालेल्या गुलामांना परत आणण्याचा कायदा त्याच्याच सहीने झाला. त्यात निदान न्यायाधिकाऱ्यापुढे जाऊन हक्क सिद्ध करण्याची अट होती. १७९६ मध्ये ओना जज ही तरुणी त्याच्या घरातून निसटून न्यू हॅम्पशायरला गेली, तेव्हा वॉशिंग्टनने ही पायरीही टाळली. अर्थमंत्र्यामार्फत तिथल्या जकात अधिकाऱ्याला सांगून तिला गुपचूप जहाजावर चढवायचा प्रयत्न झाला. त्या अधिकाऱ्याने तिच्याशी बोलून उलट कळवलं की कायदेशीर मार्गाने जा. ओना कधीच परत गेली नाही.

अँड्र्यू जॅक्सनबद्दल तर मला फारच राग आहे. १८३२ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चेरोकी या मूळ रहिवासी जमातीच्या भूमीवर जॉर्जिया राज्याचे कायदे चालत नाहीत, कारण त्यांच्याशी संघराज्याचे तह आहेत आणि तह हा घटनेनुसार देशाचा सर्वोच्च कायदा आहे. जॉर्जियाने निकाल धाब्यावर बसवला. जॅक्सनने बोटही हलवलं नाही. (‘मार्शलने निकाल दिलाय, आता त्यानेच अंमलात आणावा’ हे वाक्य त्याच्या तोंडी घालतात, ते नंतरचं आहे. पण वागणं तसंच होतं.) त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये साउथ कॅरोलायनाने संघराज्याचा आयातकर झुगारला, तेव्हा डिसेंबरमध्ये हाच जॅक्सन कडाडला की संघाचा कायदा झुगारण्याचा अधिकार कोणत्याही राज्याला नाही, आणि बळ वापरण्याचा कायदाही त्याने काँग्रेसकडून मिळवला. जकातीसाठी घटना सर्वोच्च, चेरोकींसाठी नाही. १८३८ मध्ये, पुढचा अध्यक्ष व्हॅन ब्यूरेनच्या काळात, सुमारे सोळा हजार चेरोकींना हुसकावलं गेलं आणि त्यातले चार हजारांच्या आसपास वाटेत आणि छावण्यांत मेले.

कोयनाकाठ, तुमच्या फूटपट्टीत मी एक भर घालीन. तत्त्व मोडलं गेलं तेव्हा त्याची झळ कुणाला लागली, हे आधी विचारायला हवं.

---

साक्षीपुरावा

रानजाई ताई, जॅक्सनची जोडी अचूक लावलीत.

मी वकिली करतो, त्यामुळे मला लिंकनवर लिहायचं आहे. एप्रिल १८६१. यादवी नुकतीच पेटलेली. फोर्ट समटर हा संघराज्याचा किल्ला दक्षिणेच्या बंडखोरांच्या हाती पडला होता, बॉल्टिमोरमध्ये दंगल झाली होती, वॉशिंग्टनकडे येणारे रेल्वेमार्ग तोडले जात होते, आणि काँग्रेसचं अधिवेशन चालू नव्हतं. २७ एप्रिलला लिंकनने फिलाडेल्फिया ते वॉशिंग्टन या पट्ट्यात बंदीप्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे पकडलेल्याला न्यायालयापुढे हजर करायला लावणाऱ्या हेबियस कॉर्पसचा अधिकार स्थगित करण्याची मुभा लष्कराला दिली. मे महिन्यात मेरीलँडचा जॉन मेरीमन पकडला गेला. सरन्यायाधीश टॉनी याने त्याला हजर करण्याचा आदेश काढला. फोर्ट मॅकहेन्रीच्या सेनाधिकाऱ्याने आदेश मानला नाही. टॉनीने निकाल लिहिला की स्थगितीची तरतूद घटनेच्या पहिल्या कलमात आहे, ते कलम काँग्रेसचं आहे, अध्यक्षाला हा अधिकार नाही. कायद्याचा अभ्यासक म्हणून माझं मत टॉनीच्या बाजूने आहे. ज्या टॉनीने चार वर्षांपूर्वी ड्रेड स्कॉट खटल्यात काळ्या माणसाला नागरिकत्वच नाकारलं, त्याच्या बाजूने उभं राहणं जड जातं, पण इथे तो बरोबर होता.

आता कोयनाकाठ यांची फूटपट्टी लावू. ४ जुलै १८६१ ला लिंकन काँग्रेसपुढे गेला. फौजभरतीसारख्या पावलांबद्दल त्याने लपवाछपवी केली नाही : ती काटेकोरपणे कायदेशीर असोत वा नसोत, लोकांची मागणी आणि गरज म्हणून टाकली, काँग्रेस ती मंजूर करील हा भरवसा होता, असं त्याने लिहिलं. बंदीप्रत्यक्षीकरणाबद्दल मात्र त्याने दोन्ही डगरींवर हात ठेवला. आधी विचारलं की एका कायद्याचा भंग होऊ नये म्हणून बाकी सगळे कायदे मोडू द्यायचे आणि सरकार कोसळू द्यायचं का? आणि लगेच असंही म्हटलं की माझ्या मते भंग झालेलाच नाही. काँग्रेसने मार्च १८६३ मध्ये रीतसर कायदा करून स्थगितीचा अधिकार दिला. १८६४ ची निवडणूक यादवी चालू असताना, हरण्याची भीती असताना झाली. युद्ध संपल्यावर १८६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिलिगन खटल्यात सांगितलं की नागरी न्यायालयं चालू असतील तिथे नागरिकाचा खटला लष्करी न्यायासनापुढे चालवता येत नाही. तो निकाल लिहिणारा डेव्हिड डेव्हिस लिंकनचा जुना मित्र आणि त्यानेच नेमलेला.

म्हणजे लिंकनने मोडलं, पण मोडल्याचा हिशेब द्यायला उभा राहिला, आणि यंत्रणेला तो तपासू दिला. जेफरसनने तेवढंही केलं नाही. पण ओहायोच्या वॅलँडिगमला भाषणासाठी पकडून लष्करी न्यायासनाने शिक्षा दिली आणि लिंकनने त्याला शत्रूच्या हद्दीत हाकललं, याचं समर्थन मला कोणत्याच फूटपट्टीने करता येत नाही.

---

रानजाई

लिंकनबद्दल सहमत. त्याच्याच काळातल्या घटनाबाह्य म्हणाव्यात अशा पावलांतून गुलामगिरी संपण्याचा रस्ता निघाला. १ जानेवारी १८६३ ची मुक्तीची घोषणा त्याने सेनापतीच्या युद्धाधिकारात काढली. पण तिच्यावर विसंबून न राहता तेराव्या घटनादुरुस्तीसाठी प्रतिनिधिगृहात एकेक मत गोळा केलं. जेफरसनने जे टाळलं ते लिंकनने केलं. जोतिराव फुल्यांनी १८७३ मध्ये पुण्यात ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध करताना ते अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, त्यांच्या श्रमाचं फळ घटनेत लिहिलं गेलं म्हणून टिकलं. जोतिरावांना ते इतक्या दुरून दिसलं होतं, याचा मला अभिमान वाटतो.

---

जुना_वाचक

बंदीप्रत्यक्षीकरणाचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझ्या पिढीला हा शब्द आणीबाणीने शिकवला. मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली पकडलेली माणसं येरवड्याला होती आणि घरच्यांना कारण विचारायची सोय नव्हती. देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचे अर्ज ऐकता येतात असं म्हटलं होतं. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निकाल देऊन तो दरवाजाही बंद केला. विरोधात एकटे न्यायमूर्ती ह. रा. खन्ना. चारांत आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते, आणि २०१७ मध्ये खासगीपणाच्या खटल्यात तो निकाल चुकीचा होता असं लिहिणारे त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड.

अमेरिकेच्या अध्यक्षांबद्दल बोलताना बाबासाहेबांचं ४ नोव्हेंबर १९४८ चं भाषण वाचायलाच हवं. घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी सांगितलं की लोकशाहीतल्या कार्यकारी सत्तेत स्थैर्य आणि जबाबदारी दोन्ही हवीत, पण दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त आणि जबाबदारी कमी. संसदीय पद्धतीत प्रश्न, ठराव, अविश्वास यांतून जबाबदारीची झडती रोज होते. म्हणून मसुद्याने जबाबदारीला झुकतं माप दिलं. कोयनाकाठ म्हणतात तो ‘मोडल्यावर हिशेब’ मागायला अमेरिकेत महाभियोग सोडला तर चार वर्षांनीच संधी येते. आपल्याकडे रोज संधी असूनही १९७५ मध्ये संसदेने ती वापरली नाही, हेही मी विसरलेलो नाही.

---

बे_एरियाकर

काका, तुमचा प्रतिसाद वाचून इथलं लिहावंसं वाटलं. सॅन फ्रान्सिस्को विमानतळाजवळ सॅन ब्रुनो म्हणून गाव आहे. तिथे टॅनफोरन नावाचा घोड्यांच्या शर्यतींचा मार्ग होता. १९४२ मध्ये तिथे सुमारे आठ हजार जपानी वंशाच्या माणसांना ठेवलं होतं, कित्येक कुटुंबांना घोड्यांच्या तबेल्यांत. पुढे बहुतेकांना युटाच्या वाळवंटातल्या टोपाझ छावणीत नेलं. आज सॅन ब्रुनोच्या बार्ट (लोकल रेल्वे) स्टेशनबाहेर त्यांचं स्मारक आहे.

१९ फेब्रुवारी १९४२ ला फ्रँकलिन रूझवेल्टने कार्यकारी आदेश ९०६६ वर सही केली. जानेवारी १९४१ मध्ये जगाला चार स्वातंत्र्यांचं आश्वासन देणारा हाच माणूस. आदेशात ‘जपानी’ हा शब्द नाही, लष्कराला वाटेल त्या भागातून वाटेल त्याला काढण्याचा अधिकार आहे, पण वापर कुणाविरुद्ध झाला ते सगळ्यांना माहीत आहे. सुमारे एक लाख वीस हजार माणसं, त्यातली दोन तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक. आरोप नाही, सुनावणी नाही. अ‍ॅटर्नी जनरल बिडल याने आतून विरोध केला होता. जपानने हल्ला केला ते पर्ल हार्बर जिथे आहे त्या हवाईमध्ये अशी सरसकट उचलबांगडी झालीच नाही. मग गरज होती हे कसं मानायचं?

ओकलंडमध्ये जन्मलेला फ्रेड कोरेमात्सु गेला नाही. त्याला पकडलं, टॅनफोरनला ठेवलं, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८ डिसेंबर १९४४ ला तो सहा विरुद्ध तीन असा हरला. १९८३ मध्ये, सरकारनेच न्यायालयापासून अहवाल दडवल्याचं उघड झाल्यावर, त्याची शिक्षा रद्द झाली. १९८८ मध्ये काँग्रेसने माफी मागून हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले. रूझवेल्टने स्वतः मात्र कधी हिशेब दिला नाही. १९४४ ची निवडणूक होईपर्यंत छावण्या उघडण्याचा निर्णयसुद्धा लांबवला गेला.

---

साक्षीपुरावा

कोरेमात्सु निकालातलं न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांचं भिन्नमत या धाग्याच्या थेट गाभ्याशी आहे. त्यांचं म्हणणं असं : लष्कराचा आदेश घटनाबाह्य असला तरी तो आणीबाणीपुरता असतो. पण न्यायालयाने त्याला घटनेत बसवलं, की ते तत्त्व भरलेल्या बंदुकीसारखं पडून राहतं आणि तातडीच्या गरजेचं कारण सांगणारा कोणताही अधिकारी ती उचलू शकतो. हे जॅक्सन पूर्वी रूझवेल्टचेच अ‍ॅटर्नी जनरल होते, म्हणजे आपल्याला वर नेणाऱ्याच्या विरोधात त्यांनी हे लिहिलं.

१९५२ मध्ये ट्रुमनने कोरिया युद्धाचं कारण देऊन पोलाद कारखाने ताब्यात घेतले. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ते बेकायदा ठरवलं आणि ट्रुमनने त्याच दिवशी कारखाने परत केले. तिथेही जॅक्सन यांचं मतपत्र आज सर्वांत जास्त उद्धृत होतं : काँग्रेसच्या संमतीने वागणारा अध्यक्ष सर्वांत बलवान, तिच्या इच्छेविरुद्ध वागणारा सर्वांत दुबळा.

---

एडिसनकर

सध्याच्या राजकारणाची हाणामारी नको हे मान्य, पण आजचा काळ पूर्ण वगळलात तर आमच्यासारख्यांना काय उपयोग? २० जानेवारी २०२५ च्या आदेशाने ट्रम्प यांनी सांगितलं की आई तात्पुरत्या व्हिसावर आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर इथे जन्मलेलं मूल नागरिक धरायचं नाही. आमच्या भागातल्या एच-वन-बीवरच्या मराठी घरांत, जिथे बाळ येणार होतं, तिथे त्या आठवड्यात काय वातावरण होतं ते मी पाहिलं आहे. इथे जन्मलेल्यांना नागरिकत्व देणारी चौदावी दुरुस्ती १८६८ ची. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्कचा खटला १८९८ चा, त्यात चिनी आईबापांचं मूल नागरिक ठरलं. सिएटलच्या न्यायाधीशाने तीन दिवसांत आदेश रोखला आणि तो उघडउघड घटनाविरोधी असल्याचं सांगितलं. ते न्यायाधीश रेगन यांनी नेमलेले. अध्यक्षाने पदाची शपथ घेतली त्याच दिवशीची ही सही.

---

पाऊलवाट

एडिसनकर, मुद्दा रास्त आहे, पण एकाच पक्षाचं नको. ऑगस्ट २०२१ मध्ये बायडन यांनी भाडेकरूंना घराबाहेर काढण्यावरची बंदी पुन्हा आणली. बहुतेक घटनातज्ज्ञांच्या मते ती टिकणार नाही, हे त्यांनी स्वतः पत्रकारांपुढे मान्य केलं. तरी आणली. न्यायालयाने तीन आठवड्यांत ती रद्द केली. इथे कबुली होती, मौन नव्हतं. मग कोयनाकाठांच्या फूटपट्टीने हे चांगलं म्हणायचं का?

---

कोयनाकाठ

नाही म्हणायचं. जेफरसनने ठरवलेल्या बेतात कबुलीनंतर ‘तुम्ही नाकारलंत तर मी परिणाम भोगीन’ हे होतं. बायडन यांनी टिकणार नाही असं मान्य करून मधला वेळ वापरला. अडचणीतल्या भाडेकरूंबद्दलची कळकळ खरी असेल, पण काँग्रेसकडे कायदा मागणं हाच रस्ता होता. तुमचा प्रश्न माझ्या फूटपट्टीची उणीव दाखवतो, आणि रानजाईंनी घातलेली भरही मी घेतली.

युद्धाच्या अधिकारात हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. युद्ध पुकारण्याचा अधिकार घटनेने काँग्रेसला दिला. १८४६ मध्ये अध्यक्ष पोक याने वादग्रस्त सीमेवर फौज पाठवून मेक्सिकोशी युद्ध ओढवलं, त्यावर १८४८ मध्ये काँग्रेसमधला तरुण लिंकन लिहून गेला की अध्यक्षाला गरज वाटेल तेव्हा शेजाऱ्यावर चाल करू दिलीत, तर त्याला मनमानी युद्धाची मुभा दिलीत. १९५० मध्ये ट्रुमनने काँग्रेसच्या मंजुरीविना कोरियात सैन्य उतरवलं आणि परराष्ट्र खात्याने समर्थनार्थ ८५ जुन्या प्रसंगांची यादी दिली. ही यादी मला भयंकर वाटते. प्रत्येक जुनी पायमल्ली तिथे पुरावा म्हणून उभी आहे.

डिसेंबर २००७ मध्ये उमेदवार ओबामांनी लेखी उत्तर दिलं होतं की देशावर प्रत्यक्ष किंवा तातडीचा धोका नसेल, तर अध्यक्षाला एकट्याने लष्करी हल्ला करण्याचा अधिकार घटनेने दिलेला नाही. ते घटनेचा कायदा शिकवत असत, शब्द मोजून लिहिलेले होते. मार्च २०११ मध्ये लिबियावर बाँबहल्ले सुरू झाले. १९७३ च्या युद्धाधिकार कायद्याची साठ दिवसांची मुदत संपली, तेव्हा सरकारने म्हटलं की या कायद्याच्या अर्थाने तिथे लढाई चालूच नाही, कारण आपले सैनिक जमिनीवर नाहीत. प्रतिनिधिगृहाने संमतीचा ठराव १२३ विरुद्ध २९५ मतांनी फेटाळला. हल्ले चालूच राहिले. तत्त्व चुकीचं होतं असंही ओबामा म्हणाले नाहीत आणि ते मोडलं असंही नाही. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, म्हणून हे जास्त लागतं.

---

पाऊलवाट

काँग्रेसने मग काय केलं? तिला अधिकार हवे असतील तर तिने वापरावेत. १९७३ चा कायदा निक्सनचा नकाराधिकार डावलून झाला, म्हणजे इच्छा असली की जमतं.

---

साक्षीपुरावा

जमत होतं. त्या कायद्यात तरतूद होती की दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने ठराव केला की अध्यक्षाने सैन्य मागे घ्यायचं, त्यावर त्याची सही लागत नव्हती. १९८३ मध्ये चढ्ढा खटल्याचा निकाल आला. खटला एका भारतीय वंशाच्या, केनियात जन्मलेल्या विद्यार्थ्याच्या हद्दपारीचा, युद्धाशी काहीच संबंध नाही. पण अध्यक्षापुढे न जाता केलेल्या अशा ठरावांना कायद्याचं बळ नाही, असं न्यायालयाने ठरवलं आणि युद्धाधिकार कायद्यातली ती तरतूदही निकामी झाली. आता सैन्य मागे घ्यायला नवा ठराव अध्यक्षाच्या सहीसाठी जातो. २०१९ मध्ये येमेनमधल्या युद्धाला मदत थांबवण्याचा ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. ट्रम्प यांनी तो नाकारला. सेनेटमध्ये नकार उलटवायला ५३ मतं पडली, विरोधात ४५. बहुमत होतं, पण दोन तृतीयांश नव्हतं, म्हणून मदत चालू राहिली.

---

पाऊलवाट

चढ्ढा निकालाचा हा परिणाम माझ्या लक्षात आला नव्हता. युद्धाच्या बाबतीत मग काँग्रेसलाच दोष देता येत नाही, हे मान्य. लुइझियानाबद्दल माझं मत कायम आहे.